वाचनालय ‘क्लाउडवर’ न्यायचं म्हणजे नक्की काय विकत घ्यायचं?

पानवाचक
तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय आहे. पुस्तकांच्या नोंदी ‘कोहा’ या मुक्त प्रणालीत आहेत आणि ती वाचनालयातल्याच एका डेस्कटॉपवर चालते. शिवाय जुन्या मासिकांचं स्कॅनिंग झालंय. टिफ फायली (स्कॅनची मूळ चित्रं) सुमारे ४०० जीबी, त्यांच्या पीडीएफ सुमारे ४० जीबी. कार्यकारिणीपुढे एका विक्रेत्याचं कोटेशन आलंय, त्यात एकच ओळ: ‘संपूर्ण क्लाउड सेटअप, वार्षिक’, आणि पुढे आकडा.

यात आपल्याला नक्की काय मिळतं? पैसे कशाकशाचे लागतात? फायली गेल्या तर जबाबदार कोण? अगदी पायापासून सांगितलंत तरी चालेल. समितीतल्या निम्म्या लोकांना ईमेलच्या पुढचं काही नको असतं.

टर्मिनल_तात्या
दुसऱ्याच्या कॉम्प्युटरचं भाडं अधिक विक्रेत्याची मजुरी. आधी फोड मागा, मग चर्चा करू.

शून्यएक
तात्या, ‘दुसऱ्याचा कॉम्प्युटर’ हे अर्धंच खरं आहे. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०११ मध्ये केलेली व्याख्या अजून कामाला येते. तिच्या कसोट्या पाच. कुणाला फोन न करता स्वतःच घेता यावं, नेटवर्कवरून कुठूनही वापरता यावं, एकाच यंत्रसामग्रीवर अनेक ग्राहक असावेत, मागणीप्रमाणे पटकन वाढवता-घटवता यावं, आणि वापर मोजला जावा. विक्रेत्याला विचारा की रॅम ४ जीबीची ८ करायला किती वेळ लागेल. ‘अर्ज द्या, परवापर्यंत करून देतो’ असं उत्तर आलं आणि बिलही वर्षाचं ठोक असेल, तर ते नेहमीचं होस्टिंग आहे. होस्टिंग वाईट नसतं, फक्त ते क्लाउड म्हणून महाग घेऊ नका.

आतली रचना अशी. डेटा सेंटरमध्ये एक दणकट सर्व्हर असतो, त्यावर हायपरव्हायझर नावाचा थर, आणि त्या थराने पाडलेली अनेक व्हर्च्युअल मशीन. ‘२ व्हीसीपीयू’ (मशीनच्या वाट्याचा प्रोसेसर) म्हणजे इंटेलवर बहुतेक वेळा एकाच कोअरचे दोन थ्रेड, दोन अख्खे कोअर नव्हेत. डिस्क सहसा त्या सर्व्हरमध्ये नसते, नेटवर्कने जोडलेली असते. म्हणून मशीन बंद केलं तरी डिस्क शाबूत राहते, आणि तिचं भाडंही चालू राहतं.

आता तीन पातळ्या. नुसतं मशीन घेतलं तर ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट, डेटाबेस, बॅकअप सगळं तुमच्याकडे. मॅनेज्ड डेटाबेस घेतला तर त्याचे पॅच प्रोव्हायडर लावतो, पण पासवर्ड आणि परवानग्या तुमच्याच. तयार कोहा भाड्याने घेतलं तर बाकी सगळं विक्रेता बघतो, नोंदी मात्र कुठल्याही पातळीवर तुमच्याच असतात. त्या मार्क फॉरमॅटमध्ये (ग्रंथालयांच्या नोंदींचा प्रमाण साचा) पूर्ण बाहेर काढून मिळतील, हे करारात लिहून घ्या.

रानमेवा
एकदा क्लाउडवर गेलं की बॅकअपची चिंता मिटते ना? ते लोक आपोआप तीन ठिकाणी ठेवतात असं वाचलंय.

पोर्ट_बावीस
रानमेवा, इथेच बहुतेक जण फसतात. तीन ठिकाणी ठेवतात ते अमेझॉनच्या क्लाउडमधल्या (एडब्ल्यूएस) एस-थ्रीसारख्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे फायलींच्या गोदामात. त्यातल्या कप्प्याला ‘बकेट’ म्हणतात. तिथे अकरा नऊंचा, म्हणजे ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणा सांगतात, आणि तो हार्डवेअर बिघडण्यापुरता असतो. तुम्ही फाइल डिलीट केलीत तर ती तिन्ही ठिकाणांहून तितक्याच तत्परतेने डिलीट होते. मशीनला जोडलेल्या ईबीएस डिस्कची प्रत तर एकाच झोनच्या (एक किंवा जास्त डेटा सेंटरांचा गट) आत असते.

वाचनालयाने करायचं ते असं. कोहाच्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) पॅकेजमध्ये रोजच्या बॅकअपची सोय आधीच असते, फायली ‘व्हार-स्पूल-कोहा’ या फोल्डरमध्ये पडतात. पण ती मूळ रचनेत शेवटच्या दोन दिवसांच्याच प्रती ठेवते, आणि त्याही त्याच मशीनवर. त्या रोज रात्री बकेटमध्ये न्या. बकेटवर व्हर्जनिंग चालू करा, म्हणजे चुकून पुसलेलं परत मिळतं. जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी काढायचा लाइफसायकल नियम लावा, नाहीतर पुसलेल्या फायलींचंही भाडं भरत बसाल. मशीनकडे बकेटमध्ये लिहिण्यापुरतीच परवानगी ठेवा, पुसण्याची नको. मशीन कुणाच्या हाती लागलं तरी बॅकअप वाचतो.

आणि तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपमध्ये काय निघेल याचा भरवसा नसतो.

ऱ्हाइनकाठी
पोर्ट_बावीस यांना जोड. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच या फ्रेंच क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एसबीजी-टू ही इमारत पूर्ण जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं. २०२४ च्या मे महिन्यातलं युनिसुपर या ऑस्ट्रेलियन पेन्शन फंडाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. गूगल क्लाउडवरची त्यांची खाजगी रचना सेटिंगमधल्या चुकीमुळे आपोआप पुसली गेली. ती दोन ठिकाणी होती तरी दोन्हीकडून गेली, कारण दोन्ही प्रती एकाच सबस्क्रिप्शनखाली होत्या. वेगळ्या प्रोव्हायडरकडेही बॅकअप होता म्हणून सावरले.

टर्मिनल_तात्या
आणि २८ फेब्रुवारी २०१७. व्हर्जिनियातलं एस-थ्री चार तास आडवं. कारण, बिलिंगची अडचण शोधताना दिलेली कमांड चुकली आणि हवे होते त्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले. आग लागायलाच हवी असं नाही, बोट पुरतं.

काटकसर
पैशांकडे येऊ. क्लाउडचं बिल महावितरणच्या बिलासारखं वाचायचं. युनिट वेगळे, स्थिर आकार वेगळा, वहन आकार वेगळा, आणि दिवे बंद ठेवले म्हणून बिल शून्य येत नाही. एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनचे गोल आकडे देतो, घेताना त्यांच्या कॅल्क्युलेटरवर ताडून बघा. महिना ७३० तासांचा धरलाय.

४ जीबी रॅमचं टी-थ्री मीडियम मशीन साधारण ३३ डॉलर. ३० जीबी डिस्क तीनच्या आत. पब्लिक आयपीव्ही-फोर पत्ता (मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता) ताशी ०.००५ डॉलर, म्हणजे ३.६५ (फेब्रुवारी २०२४ पासून वापरात असलेल्या पत्त्यालाही हा आकार लागतो, जुने लेख वाचून फुकट समजू नका). ४०० जीबी टिफ एस-थ्रीच्या स्टँडर्ड, म्हणजे नेहमीच्या, वर्गात १० डॉलर, ४० जीबी पीडीएफ १ डॉलर. बेरीज पन्नासच्या आसपास, १८ टक्के जीएसटी धरून साठ.

यात कपात दोन ठिकाणी. टिफ रोज कुणी बघत नाही, ते डीप आर्काइव्ह वर्गात टाकले की भाडं दहाव्या हिश्श्याच्याही खाली येतं. आणि मशीन वर्षभर चालणारच असेल तर एक वर्षाच्या वचनावर त्याचा साधारण तिसरा हिस्सा वाचतो.

शंकासुर
डीप आर्काइव्हमध्ये मेख काय?

काटकसर
तीन मेखा. फाइल लगेच उघडत नाही, आधी ‘रिस्टोअर’ची मागणी टाकायची. साध्या मागणीला १२ तासांपर्यंत, स्वस्त मागणीला ४८ तासांपर्यंत लागतात. १८० दिवसांच्या आत पुसलं तरी १८० दिवसांचं भाडं लागतं. आणि प्रत्येक फाइलमागे सुमारे ४० केबी वरची नोंद धरली जाते. २० एमबीच्या टिफला त्याने फरक पडत नाही, पण हजारो चिटुकल्या टेक्स्ट फायली असतील तर आधी अंकवार झिप करा.

गवती_चहा
बिल फुगतं ते साठवणीने नाही, बाहेर जाणाऱ्या डेटाने. आत येणारा डेटा फुकट, बाहेर जाणारा महिना १०० जीबीपर्यंत फुकट, पुढे मुंबईतून जीबीला सुमारे ०.११ डॉलर. पीडीएफ सरासरी २५ एमबीची धरली तर १०० जीबीत ४,००० डाउनलोड होतात. तालुक्याच्या वाचनालयाला रग्गड. पण वाचक एकटे नसतात, बॉट (साइटवर आपोआप फिरणारे प्रोग्रॅम) येतात. एका बॉटने ४० जीबीचा संग्रह तीनदा खाली खेचला की १२० जीबी झाले, आणि कुणी एक पानही वाचलेलं नसतं. टिफच चुकून सार्वजनिक राहिले तर एका फेरीत तीस-पस्तीस डॉलर गेले.

उपाय म्हणजे बकेट कधीच थेट उघडी ठेवू नका, पुढे क्लाउडफ्रंट (एडब्ल्यूएसचीच फायली वाचकांपर्यंत पोचवणारी सेवा) लावा. त्यातून महिना १ टीबी बाहेर फुकट जातो आणि बकेटपासून क्लाउडफ्रंटपर्यंतच्या वाहतुकीला पैसे पडत नाहीत.

ग्रंथकीटक
सगळे एवढे हिशेब कशाला करताय? जी मासिकं स्वामित्वहक्काबाहेर गेलीत त्यांच्या पीडीएफ इंटरनेट आर्काइव्हवर चढवा. साठवण फुकट, वाहतूक फुकट, शोधही होतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. मासिकात प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा, तेव्हा अंक जुना आहे एवढ्यावर जाऊ नका.

शून्यएक
ग्रंथकीटक, पीडीएफपुरतं सहमत. पण ती वाचकांसाठीची प्रत झाली. मूळ टिफ दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक वाचनालयाबाहेर, आणि तिसरी प्रत क्लाउडवर, असं ठेवलेलं बरं. आणि कोहाला चालतं मशीन लागणारच.

ऐरोलीकर
अवांतर. कुणाला वाटत असेल की ‘मुंबई रीजन’ म्हणजे ऐरोलीतली एखादी काचेची इमारत, तर तसं नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे इथे डेटा सेंटरांची रांग आहे खरी. वीज, जागा आणि वर्सोव्याला किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्राखालच्या केबल ही त्यामागची मोठी कारणं. पण एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन, जे जून २०१६ मध्ये सुरू झालं, ते तीन झोनचं आहे. प्रत्येक झोनमध्ये एक किंवा जास्त डेटा सेंटर, वीज आणि नेटवर्क वेगळं. झोन एकमेकांपासून काही किलोमीटर दूर पण १०० किलोमीटरच्या आत, म्हणजे प्रत ताबडतोब लिहिता येते आणि एका पुरात सगळे बुडत नाहीत.

दुसरं रीजन हैदराबादला २०२२ पासून. मायक्रोसॉफ्टचं ‘सेंट्रल इंडिया’ पुण्यात आहे, २०१५ पासून. वाचकांना या सगळ्याने काही फरक पडत नाही, पण टिफची एक प्रत मुंबईऐवजी हैदराबादला ठेवली तर तो खरा दुसरा गाव झाला.

रानमेवा
मग आपलं एक मशीन तिन्ही झोनमध्ये असतं का?

ऐरोलीकर
नाही. एक मशीन एकाच झोनमध्ये. तो झोन पडला तर मशीन पडलं. दोन झोनमध्ये दोन मशीन, मध्ये काम वाटून देणारा लोड बॅलन्सर, असं मांडता येतं, खर्च दुपटीच्या वर. वाचनालयाला गरज नाही.

पोर्ट_बावीस
त्याच ओघात मशीन चालू राहण्याच्या हमीबद्दल. एकट्या ईसी-टू (एडब्ल्यूएसचं भाड्याचं) मशीनची हमी ९९.५ टक्के. म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ३.६ तास बंद राहिलं तरी करारभंग नाही. ९९.९ म्हणजे ४३ मिनिटं, ९९.९९ म्हणजे साडेचारपेक्षा कमी. हमी मोडली तर मिळतं काय? त्या मशीनच्या बिलात सवलत, सुरुवात १० टक्क्यांपासून, आणि तीही मागावी लागते. ३३ डॉलरच्या मशीनवर ३ डॉलर ३० सेंट.

टर्मिनल_तात्या
समितीच्या बैठकीची भजी सुटली.

पानवाचक
सगळ्यांचे आभार. विक्रेत्याकडून फोड मागवली, ती अशी: टी-थ्री मायक्रो मशीन, वेगळा आरडीएस (एडब्ल्यूएसचा मॅनेज्ड) डेटाबेस, एक नॅट गेटवे, स्कॅनसाठी ५०० जीबीची जीपी-थ्री डिस्क, ‘डेली बॅकअप’, आणि वार्षिक देखभाल. खातं विक्रेत्याच्या नावावर असेल, ‘तुम्हाला त्रास नको म्हणून’. यात वावगं काही आहे का?

काटकसर
भरपूर. ५०० जीबी डिस्कचे महिना सुमारे ४५ डॉलर, तोच माल बकेटमध्ये ११ डॉलरला. डिस्कचे पैसे तुम्ही मागितलेल्या आकाराचे लागतात, भरलेल्या नव्हे. नॅट गेटवे मुंबईत ताशी ०.०५६ डॉलर, महिना चाळीसच्या आसपास, शिवाय जाणाऱ्या प्रत्येक जीबीला वेगळे. खाजगी सबनेटमधल्या, म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या जाळ्यातल्या, अनेक मशीनना बाहेर जायला तो लागतो. तुमचं मशीन एकच, आणि ते सार्वजनिकच असणार. बकेटशी बोलायला गेटवे एंडपॉइंट (थेट आतली वाट) फुकट मिळतो. म्हणजे मशीन सर्वांत लहान आणि भोवतालचा थाट सर्वांत मोठा.

शून्यएक
मायक्रोवर कोहा चालणार नाही. १ जीबी रॅममध्ये अपाची (वेब सर्व्हर), कोहाच्या प्रक्रिया आणि झेब्राचं (कोहाचं शोधयंत्र) इंडेक्सिंग एकत्र आलं की लिनक्स स्वतःच एखादी प्रक्रिया मारतो. वेगळा डेटाबेस धरूनही हे होईल. बाहेरून दिसतं ते एवढंच की शोध अधूनमधून रिकामा येतो.

दुसरं, टी वर्गातलं मशीन क्रेडिटवर चालतं. मायक्रोला प्रत्येक व्हीसीपीयूचे सरासरी १० टक्केच हक्काचे, मीडियमला २०. कमी वापरलं की क्रेडिट साठतं, जास्त वापरलं की खर्च होतं. टी-थ्री मूळ सेटिंगमध्ये ‘अनलिमिटेड’ असतं. क्रेडिट संपलं तरी वेग टिकतो, जादा वापराचं बिल येतं. ‘स्टँडर्ड’ केलं तर बिल वाढत नाही, मशीन रांगायला लागतं. संपूर्ण री-इंडेक्स करायचं असेल तर रात्री करा. आणि वेळापत्रक लावताना सर्व्हरचं घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतं हे बघा. आपले रात्रीचे ११ म्हणजे तिथले १७:३०.

आरडीएसची गरज नाही, मारियाडीबी (कोहाला लागणारा डेटाबेस) त्याच मशीनवर चालेल. कुणी सुचवेल की चाचणीपुरता आरडीएस घ्या आणि थांबवून ठेवा, तर तो सात दिवसांनी आपणहून चालू होतो.

गवती_चहा
‘डेली बॅकअप’ म्हणजे बहुधा डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत). पहिला पूर्ण, पुढचे फक्त बदललेल्या भागाचे, म्हणून स्वस्त पडतात. पण ते त्याच खात्यात असतात. खातं विक्रेत्याचं, बॅकअपही विक्रेत्याचा. ऱ्हाइनकाठी यांचं युनिसुपर पुन्हा वाचा.

ग्रंथकीटक
खात्याचा मुद्दा सर्वांत मोठा आहे. डोमेन, क्लाउडचं खातं आणि रूट (खात्याचा मुख्य) ईमेल तिन्ही वाचनालयाच्या नावावर हवं. ईमेल ग्रंथालय-अॅट-डोमेन असा पदाचा असू द्या, सचिवांचा वैयक्तिक जीमेल नको. कार्यकारिणी बदलते, मोबाइल नंबर बदलतो, आणि मग पासवर्ड रीसेटचा कोड माजी सचिवांच्या फोनवर जातो. विक्रेत्याला वेगळा वापरकर्ता करून द्या, करार संपला की तो बंद करता येतो.

शंकासुर
वाखूसा (वाचनखूण साठवली). एक शंका: मशीन रात्री बंद ठेवलं तर पैसे वाचतील का?

काटकसर
मशीनचे तास वाचतील, डिस्क आणि राखीव आयपीचं भाडं चालू राहील. राखीव आयपी घेतला नसेल तर बंद-चालू केल्यावर पत्ता बदलतो आणि डोमेन जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतं. आणि ‘स्टॉप’ऐवजी ‘टर्मिनेट’ दाबू नका. मूळ डिस्क त्याबरोबर पुसली जाते. जादा जोडलेल्या डिस्क मात्र मागे राहतात आणि निमूटपणे बिल करत राहतात.

पानवाचक
४०० जीबी चढवायचे कसे? आमचा अपलोड २० एमबीपीएस आहे.

पोर्ट_बावीस
४०० जीबी म्हणजे ३२ लाख मेगाबिट. २० ने भागा, १ लाख ६० हजार सेकंद, साधारण ४४ तास. प्रत्यक्षात अडीच-तीन दिवस धरा. ब्राउझरमधून नको, आरक्लोन हा फायली नेणारा प्रोग्रॅम वापरा. तुटलं तर पुन्हा तीच आज्ञा द्यायची, पोचलेल्या फायली तो सोडून देतो. दिवसा वाचनालयाचं नेट चालायला हवं म्हणून वेगमर्यादा घाला, पण ती आरक्लोन बाइटमध्ये मोजतो. १ एमबी लिहिलंत की ८ एमबीपीएस झाले. शेवटी त्याचाच ‘चेक’ चालवून दोन्हीकडच्या फायली ताडा, आणि ते होईपर्यंत मूळ डिस्क हलवू नका. अर्धवट राहिलेले मल्टिपार्ट (तुकड्यातुकड्यांनी चढणारे) अपलोड यादीत दिसत नाहीत पण भाडं खातात. सात दिवसांनी ते काढायचा लाइफसायकल नियम लावा.

कर्मचाऱ्यांचा कोहा इंटरफेस जगाला उघडा ठेवू नका. सूची पोर्ट ४४३ वर (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांकाचं दार) सर्वांना. कर्मचाऱ्यांचा भाग, सहसा ८०८०, फक्त वाचनालयाच्या आयपीपुरता. ब्रॉडबँडचा आयपी बदलत असेल तर वायरगार्ड हा व्हीपीएन (खाजगी बोगदा) लावा, यूडीपी पोर्ट ५१८२०. बावीस नंबरचं पोर्ट, म्हणजे दुरून लॉगिन करायचं एसएसएचचं दार, तर बंदच; एडब्ल्यूएसच्या सेशन मॅनेजरने आत जाता येतं.

टर्मिनल_तात्या
स्वतःचंच नाव बंद करायला सांगणारा पहिला माणूस बघितला.

रानमेवा
बिल अचानक वाढलं तर ते आपोआप थांबवता येतं का?

काटकसर
बजेट अलर्ट नुसता ईमेल पाठवतो, काही बंद करत नाही. बिलाचे आकडेही काही तास मागे असतात. ४०, ६० आणि ८० डॉलर असे तीन अलर्ट लावा, दोन वेगळ्या ईमेलवर.

आणि पानवाचक, पैसे भरायला खजिनदारांचं वैयक्तिक कार्ड नको. कार्डाची मुदत संपली आणि ईमेल कुणी बघितली नाही, तर खातं आधी निलंबित होतं, मग बंद. बंद झाल्यावर ९० दिवसांत सोडवलं नाही तर आतलं सगळं जातं. वाचनालयाला जीएसटी क्रमांक नसेल तर १८ टक्के परत मिळणार नाहीत, ते ठरावाच्या रकमेत आधीच धरा.